सुगंधाबाईंचे दोन गळे

मूल,
ता. ३१ डिसेंबर २०२४

चि. आबिदाबाईस,
अयूबचे अ. उ. आ. आणि सलाम.

आम्ही सगळे खुशाल. तुझी खुशाली तुझ्या हाताने लिहून कळव. परवा तुझा फोन आला होता, पण तुमच्या एटापल्लीच्या जंगलातून माणसाचा आवाज कमी आणि खरखर जास्त येते, म्हणून दोनदा हॅलो म्हणून ठेवून दिला. त्यापेक्षा पत्र बरे. चौथीत गुरुजींनी छडी घेऊन पाठ करून घेतलेले मायने कुठेतरी कामाला यायला हवेतच ना.

आता मुख्य बातमी. शनिवारी आपल्या नवरंग मंडळाचा हिवाळी संगीत महोत्सव झाला आणि आपल्या मूल गावात घरोघरी भांडणे लागली. शेवटच्या मानाच्या कार्यक्रमाला या वर्षी सुगंधाबाई होत्या. होय, त्याच. झाडीपट्टीच्या नाटकात त्या गात आल्या की माणसे शेतातली रात्रीची जागल सोडून यायची. आठवते, आपण दोघे बैलगाडीखाली बसून त्यांचे नाटक पाहिले होते आणि त्यांच्यासारख्या बांगड्या पाहिजेत म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस? त्या अकरा वर्षांनी स्टेजवर आल्या. मी आपले स्पीकरचे दोन्ही मोठे बॉक्स धुऊनपुसून स्टेजच्या दोन बाजूंना लावले, 'शिरीन साउंड सर्व्हिस'ची पाटी नवी रंगवली.

आपल्याकडची बसण्याची पद्धत तुला माहीतच आहे. मधोमध दोर, स्टेजकडे तोंड केले की उजवीकडे बाया, डावीकडे माणसे. माझे मिक्सरचे टेबल दोराला लागून, माणसांच्या बाजूला. छत्तीस वर्षे तिथेच बसतो. सुगंधाबाईंनी पहिले गाणे धरले आणि माणसांच्या बाजूने हात वर झाले. मला वाटले, वा, आवाज वाढवा म्हणताहेत! मी वाढवला. तर आणखी हात वर. मी आणखी वाढवला. तिसऱ्या गाण्याला माणसे चादरी झटकून उठू लागली. बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत, उलट पुन्हा पुन्हा तेच गाणे मागू लागल्या.

आता सगळा माणूसवर्ग म्हणतो की बाईंचा गळा गेला. आपले मंडळाचे अध्यक्ष हरिदासभाऊ राइस मिलवाले. ते चहाच्या टपरीवर म्हणाले का बाईचा गळा आता गळा नाई राह्यला, गिरणीचा पट्टा सुटल्यावानी किंचाळून राह्यला. मग सगळ्यांसमोर त्यांनी मलाच विचारले की अयूबभाऊ, तुम्ही सांगा, दोष सेटचा का गळ्याचा. मी छातीवर हात ठेवून सांगितले की सेट सोन्यासारखा होता. मग उरले काय? गळाच. माझ्या शब्दावर टपरीचा निकाल लागला.

दोन फेब्रुवारीला मंडळाची सभा आहे. सुगंधाबाईंना पुन्हा बोलवायचे नाही आणि मंडळाच्या खोलीतला त्यांचा फोटो उतरवायचा, असा ठराव येणार. जाणकार म्हणून मला बोलावे लागेल. वाईट वाटते, पण खोटे कसे बोलू? तुझी भाभी मात्र म्हणते की असे गाणे तिने जन्मात ऐकले नाही. छत्तीस वर्षांच्या कानांशी ती वाद घालते. तेव्हापासून घरात अबोला आहे.

लहान आहेस, जपून राहा. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तो दर पंधरा दिवसांनी पाठवत जा.

तुझा,
अयूबभाई


एटापल्ली,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. भाईजान यांस,
आबिदाचा शि. सा. न. आणि सलाम.

पत्र पोचले. चोपन्न वर्षांच्या बहिणीला 'लहान आहेस' म्हणणारा भाऊ जगात तुम्हीच. वसतिगृहातल्या मुलींना दाखवले, त्या दिवसभर हसत होत्या.

आधी एक भांडण. एटापल्लीला नवा टॉवर बसून दोन वर्षे झाली. मी आमच्या शाळेच्या ओट्यावर बसून चंद्रपूरच्या डॉक्टरांशी, नागपूरच्या मैत्रिणीशी, सगळ्यांशी बोलते, कोणाला खरखर येत नाही. फक्त तुम्हालाच येते. फोन बदला किंवा खरे कारण सांगा. बहिणीच्या बडबडीचा कंटाळा आला असेल तर तसे लिहा, मी रागवून मोकळी होईन.

आता तुमच्या महोत्सवाबद्दल. त्याची आग इथपर्यंत आली आहे. आमच्या शाळेतले अजय सर आणि त्यांची बायको नीलिमा मूलजवळ सासुरवाडीला गेले होते, दोघेही कार्यक्रमाला होते. सर म्हणतात की ते गाणे नव्हते, पत्र्यावर खिळा ओढणे होते. नीलिमा म्हणते की तिने धान रोवण्याचे गाणे ऐकले तेव्हा तिला आपली गेलेली आजी बांधावर उभी दिसली. परतीच्या बसमध्ये दोघे वेगवेगळ्या सीटवर बसून आले. आता सर डबा घरून आणत नाहीत, आमच्या मेसमध्ये जेवतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरणाला नाव ठेवले, तेव्हा स्वयंपाकीणबाईनेही सांगितले की सुगंधाबाईला नाव ठेवणाऱ्याला इथी वरण असंच भेटन.

पण भाईजान, एक गोष्ट हसण्यासारखी नाही. नीलिमाचे माहेर सुगंधाबाईंच्या गावाशेजारी आहे. ती सांगते की टपरीवर काय ठरले ते बाईंच्या कानावर गेले. त्यांनी आपली बाजाची पेटी फडक्यात बांधून गावच्या शाळेला देऊन टाकली. म्हणाल्या की माईकवाल्यानंच सांगितलं तर मंग खरंच असन. भाईजान, तुमच्या एका वाक्याने एक बाई गायची थांबली आहे. सभेत बोलण्याआधी एकदा नीट विचार करा. माणसे म्हणतात ते आणि बाया म्हणतात ते, दोन्ही एकाच वेळी खोटे कसे असेल?

भाभींना सलाम, शिरीनला मुका. रागावलात तरी पत्र लिहिताना शाई बदलू नका, निळीच वापरा.

तुमची,
आबिदा


मूल,
ता. ११ जानेवारी २०२५

ननदबाई आबिदाबी यांना,
तबस्सुमचा सलाम. लिहिणारी शिरीन.

अम्मी सांगते तसे मी लिहिते आहे, फुप्पू. कंसातले माझे.

आबिदाबी, तुमच्या भाईजानांना आता तुम्हीच सांभाळा. मी थकली. तीस वर्षे या माणसाच्या बॉक्सवरची धूळ पुसली, आणि आता तो म्हणतो की मला गाण्यातले कळत नाही. मी दोराच्या उजव्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. सुगंधाबाईंचा आवाज असा येत होता जशी कोणी पाठीवरून हात फिरवून राह्यली. माझ्या शेजारी हरिदासभाऊंची बायको चंदाबाई होती. ती तर पदर तोंडाला लावून रडत होती. आता चंदाबाईच्या घरीही चूल थंड आहे. हरिदासभाऊ मिलमध्ये चिवडा खाऊन राहतात. (हे अम्मी फार आनंदाने सांगते आहे.)

माणसांचे म्हणणे की बायांना सुगंधाबाईंची दया आली म्हणून त्या चांगले म्हणतात. बायांचे म्हणणे की माणसांना आता सुगंधाबाई म्हातारी दिसते म्हणून वाईट म्हणतात. बाजारात भाजी घेतानाही विचारतात की तुमी कोनाकडच्या. मी सांगते, गाण्याकडची.

तुमचे भाईजान माझ्याशी बोलतच नाहीत. भांडणाचे सोडा, आधीपासूनच. मी स्वयंपाकघरातून काही विचारले तर उत्तर नाही. रात्री अंथरुणावर दिवसभराचे सांगायला लागली तर भिंतीसारखे पडून राहतात. तीन वर्षे झाली असे चालले आहे. मला वाटायचे की वय झाले, आता बायकोचे बोलणे कोण ऐकतो. आता तर कारणही मिळाले. (इथे अम्मीला मी पाणी दिले.)

सभेत त्यांनी सुगंधाबाईंच्या विरोधात तोंड उघडले तर मी माहेरी, बल्लारशाला, जाणार आहे. गोष्ट मजाकची नाही. फोटो उतरला तर मीही उतरली.

(फुप्पू, मी अब्बांना कितीदा म्हटले की मिक्सरवर मला बसू द्या, माझ्या नावाची पाटी आहे, मला येतेही सगळे. तर म्हणतात की टेबल माणसांच्या बाजूला आहे, मुलीने दोर ओलांडायचा नाही. दोन व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. एक माझ्या फोनचा, एक माणसांच्या बाजूचा, जो सगळीकडे फिरतो आहे. गाणे एकच आहे. ऐकून सांगा.)

तुमची माया अशीच ऊनऊन राहो.

तबस्सुम
(आणि शिरीन)


एटापल्ली,
ता. १६ जानेवारी २०२५

सौ. तबस्सुम भाभींना,
आबिदाचा सलाम आणि सा. न.

भाभी, माहेरची बॅग भरू नका. भरली असेल तर थोडे दिवस तशीच ठेवा.

शिरीनचे दोन्ही व्हिडिओ मी वीस वेळा ऐकले. तुमच्या बाजूच्या फोनमध्ये सुगंधाबाई आपण लहानपणी ऐकल्या तशाच आहेत, वयाने थोड्या खाली उतरलेल्या. माणसांच्या बाजूच्या फोनमध्ये त्याच ओळीला, त्याच श्वासाला, नुसती किंकाळी आणि शिट्टी. एका बाईला दोन गळे नसतात, भाभी. भाईजानांचे बॉक्स मात्र दोन आहेत, आणि दोघांची बटणे वेगवेगळी.

मग मला आमचा लालसू आठवला. लालसू वसतिगृहाचा चौकीदार. लहानपणी कानाजवळ काहीतरी फुटले तेव्हापासून त्याचा डावा कान बंद आहे. तो कोणाबरोबर चालला तर त्याला नेहमी आपल्या उजव्या हाताला घेतो, आणि कोणी बोलले की मान वळवून उजवा गाल पुढे करतो. काल त्याला तसे करताना पाहिले आणि माझ्या हातातला चहा सांडला. दिवाळीच्या सुट्टीत भाईजान माझ्यापुढे असेच गाल पुढे करून बसत होते. मी समजले की दाढ दुखत असेल.

आता माझे एवढे ऐका. तुम्ही त्यांच्या कोणत्या बाजूला झोपता? स्वयंपाकघर त्यांच्या खुर्चीच्या कोणत्या हाताला येते? आणि एक परीक्षा घ्या. ते हिशोबाच्या नाही, आपल्या त्या तारा सोडवायच्या कामात असतील तेव्हा डावीकडून, मागे उभे राहून, नेहमीच्या आवाजात विचारा की आज मटण आणायचे का. अबोला धरलेला माणूस बायकोला उत्तर देणार नाही, पण मटणाला तरी मान हलवील. नाही हलवली, तर तो रुसलेला नाही.

भाईजानांना यातले काही बोलू नका. जखम कुठे आहे ते आधी कळू दे.

तुमचा जीव माझ्यावर आहेच, त्यातला थोडा या महिन्यापुरता त्यांना उसना द्या.

आबिदा


मूल,
ता. २० जानेवारी २०२५

फुप्पू,
शिरीनचा सलाम.

अम्मी आज सांगत नाही, मीच लिहिते. ती आत आहे.

परीक्षा घेतली. अब्बा अंगणात तारा सोडवत होते. अम्मीने डावीकडून मटणाचे विचारले. काही नाही. मग मी म्हटले की बिर्याणी. काही नाही. मग मला मजा वाटली आणि मी तिथेच उभी राहून म्हटले की हरिदासभाऊ चंद्रपूरहून नवा सेट आणणार आहेत, आणि तो आपल्यापेक्षा चांगला आहे. फुप्पू, हे ऐकून अब्बा झोपेतही उठले असते. ते तारेची गाठ सोडवत गुणगुणत राहिले. आणि गुणगुणत काय होते, तर सुगंधाबाईंचेच रोवण्याचे गाणे.

मी हसायला लागले. अम्मी हसली नाही. ती तीस वर्षांपासून डाव्या बाजूला झोपते. स्वयंपाकघरही डावीकडेच आहे. तीन वर्षांत ती त्यांच्याशी जे जे बोलली ते सगळे भिंतीला सांगितले असे तिला आता वाटते. ती म्हणाली की मी या माणसावर तीन साल फुकट रागावली, आणि आत जाऊन रडली. नंतर चार वाजता खरोखर मटण आणले.

सभेला तेरा दिवस आहेत. आता तुम्हीच लिहा. आमच्यापैकी कोणी सांगितले तर ते ऐकणार नाहीत. (दोन्ही अर्थांनी नाही, एकाच अर्थाने.)

माझ्यावरची तुमची माया फोनवर सांगितली तरी चालेल, मला ऐकू येते.

शिरीन


एटापल्ली,
ता. २४ जानेवारी २०२५

ती. भाईजान,
शि. सा. न.

हे पत्र एकटे असताना वाचा. वाचून झाल्यावर पाहिजे तर फाडा, पण पूर्ण वाचून.

तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. फोनवर खरखर येते म्हणता, ती टॉवरची नाही. फोन तुम्ही सवयीने डाव्या कानाला लावता. भाभी तुमच्याशी बोलत नाहीत असे नाही, त्या चुकीच्या बाजूने बोलतात. परवा तारा सोडवताना त्यांनी डावीकडून मटणाचे विचारले, तुम्ही मानसुद्धा हलवली नाही. आणि महोत्सवात डावा बॉक्स तुम्हाला कमी वाटला म्हणून तुम्ही तो वाढवत गेलात. माणसे हात वर करून 'कमी करा' म्हणत होती. तुम्ही वाढवत राहिलात. सुगंधाबाईंचा गळा फाटला नाही. तुम्ही माणसांच्या बाजूचा बॉक्स फाडला.

मला माहीत आहे की तुम्ही हे आम्हाला का सांगितले नाही. माईकवाल्याचा कान गेला म्हणजे त्याच्याकडे राहिले काय, असे तुम्हाला वाटले असेल. मला पण वाटले असते. अब्बा गेल्यावर त्या एका जुन्या भोंग्यावर तुम्ही आम्हाला वाढवले, माझी डी.एड.ची फी भरली. तुमचा कान गेला हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिले आहे, कागद बघा.

पण भाईजान, तुम्ही आपला कान लपवायला एका बाईचा गळा पुढे केला. मुद्दाम केला नाही, हे मी कुराणावर हात ठेवून सांगीन. पण आता कळल्यावर गप्प राहिलात तर ते मुद्दाम होईल. दोन तारखेला खरे बोला. तुमचा फोटो कोणत्याच भिंतीवर नाही, उतरवायला काही नाही. त्यांचा आहे.

माझा लोभ कमी होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्याची धमकी वाटायला नको.

आबिदा


मूल,
ता. २९ जानेवारी २०२५

आबिदास,

आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जंगलात राहून तू डॉक्टर झालीस हे मला माहीत नव्हते. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत. छत्तीस वर्षांत कोणी बोट दाखवले नाही, आता धाकटी बहीण व्हिडिओ बघून निदान करते. आणि मटण कोणी विचारलेच नव्हते. विचारले असते तर मी हो म्हटले असते.

पुढे लिहू नये.

अयूब


मूल,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. आबिदाबाईस,
अयूबभाईचे अ. उ. आ., सलाम, आणि मागच्या पत्राबद्दल माफी.

मागचे पत्र टपालपेटीत टाकून घरी आलो आणि दार लावले. दोन्ही बॉक्स अंगणात मांडले, व्हिडिओतले तेच गाणे लावले, आणि दोन्ही बाजू कानाला सारख्या वाटतील असे बटण फिरवले. मग उठून डाव्या बॉक्ससमोर गेलो, उजवा कान त्याच्यापुढे धरला. आबिदा, मी स्वतः कानावर हात ठेवला. हरिदासभाऊ खरेच सांगत होते, गिरणीचा पट्टा. तो पट्टा माझ्या बोटांनी सुटला होता. तीन वर्षांपासून मला मनात ठाऊक होते. मी त्याला सर्दी म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या भाभीला स्कूटरवर मागे बसवून सुगंधाबाईंच्या गावी गेलो. त्या अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले आणि खाली मान घालून वाट पाहत राहिलो. त्या काहीच बोलेनात. मला वाटले की झाले, या बाईने मला माफ केले नाही. मग तबस्सुमने मला खांद्याला धरून वळवले. सुगंधाबाई माझ्या डाव्या बाजूने केव्हाच्या बोलत होत्या.

उजवीकडे येऊन त्यांनी पुन्हा सांगितले. म्हणाल्या का महिनाभर मी चुलीपाशीसुद्धा गुणगुणली नाई. या वयात गळा गेला म्हटलं का बाई लवकर मानते, आरसा रोजच तसंच सांगते. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या की तुले शिक्षा देऊन राह्यली, बस इथी. मी बसलो. त्यांनी माईकशिवाय, पेटीशिवाय, माझ्या उजव्या कानापाशी रोवण्याचे गाणे म्हटले. आबिदा, मी लहान पोरासारखा रडलो. मी त्या आवाजाला टपरीवर 'गेलेला' म्हणून आलो होतो. शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या आणि त्यांनी मला अजिबात लाज वाटू दिली नाही, म्हणजे सगळ्या एकदम हसल्या.

सभेत उभा राहून सगळे कबूल केले. मग माणसे एकमेकांकडे बघायला लागली, कारण आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. हरिदासभाऊ मागे हटणारे नव्हेत. त्यांनी उठून सांगितले की अयूबभाऊचा कानही गेला असन आणि बाईचा गळाही गेला असन, एकानं दुसरं खोटं होत नाई. हे सगळे ते माझ्या डावीकडून बोलत होते, त्यामुळे मी मान डोलावत होतो, आणि सभेला वाटले की मी कबूल करतो आहे. शेजारी बसलेल्या मुखरूभाऊने मला फिरवून दिले तेव्हा कुठे गोंधळ मिटला. शेवटी ठरले की फोटो सध्या भिंतीवर राहील, नऊ तारखेला सुगंधाबाई पुन्हा गातील आणि त्यानंतर निकाल. वेळ दुपारी दोनची ठेवली, कारण रस्त्याला वाघ दिसतो आहे आणि निकाल लागेपर्यंत सगळे जिवंत राहायला हवेत.

पेटी परत आणायला शाळेत गेलो तर तिथले गुरुजी द्यायला तयार होईनात. पोरे तिच्यावर प्रार्थना म्हणायला शिकली आहेत. शेवटी रविवारपुरती उसनी दिली.

नऊ तारखेला मिक्सरवर शिरीन बसली. होय, दोराच्या माणसांच्या बाजूला, माझ्या खुर्चीवर, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली. दोनतीन जणांनी कुरकुर केली, तेव्हा मी दोर उचलला आणि स्वतः बायांच्या बाजूला जाऊन बसलो. म्हटले, फिटंफाट झाली. छत्तीस वर्षांत त्या बाजूला बसलेला पहिला माणूस मी. चंदाबाईंनी मला सरकून जागा दिली आणि तबस्सुम माझ्या उजव्या हाताला बसली.

सुगंधाबाईंनी सुरुवात केली. माणसांनी मागच्या सवयीने हात वर केले, आवाज कमी करा म्हणून. शिरीनने ढुंकून पाहिले नाही. मग हळूहळू हात खाली गेले. रोवण्याचे गाणे आले तेव्हा हरिदासभाऊ पुढच्या रांगेत टोपी मांडीवर काढून बसले होते. गाणे संपल्यावर सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग उठून त्यांनी एवढेच विचारले की हेच गानं अजून एकदा होईन काय.

फोटोला आता नवी काच लावली आहे. पण भांडण मिटले असे समजू नकोस. माणसे म्हणतात की बाई या वेळी पहिल्यापेक्षा दसपट चांगल्या गायल्या. बाया म्हणतात की पहिल्यांदाच खरे झाले होते, हे त्याच्यापुढे काहीच नाही. तबस्सुमही तेच म्हणते. मी या वेळी मधे पडलो नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासले. डावा कान परत येणार नाही. इतकी वर्षे हातभर अंतरावर बॉक्स ठेवून बसलात, दुसरे काय होणार, असे ते म्हणाले. उजवा सांभाळायचा आहे. सेट आता शिरीनचा. मी तारा सोडवतो.

घरात अंथरूण बदलले आहे. तुझी भाभी आता उजव्या बाजूला झोपते. तिने हुकूम काढला आहे की तीन वर्षांत मी जे ऐकले नाही ते सगळे ती पहिल्यापासून सांगणार. रोज थोडे सांगते. काल २०२२ च्या दिवाळीपर्यंत आलो. चकल्या बिघडल्या होत्या, शेजारणीची म्हैस व्यायली होती, तिच्या बहिणीने निरोप पाठवला होता. त्यात महत्त्वाचे असे काहीच नाही, आबिदा, आणि त्यातला एक शब्दही चुकल्याचे मला फार वाईट वाटते.

तू रविवारी फोन कर. उजव्या कानाला लावीन. एटापल्लीचा टॉवर चांगला आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे.

तुझा, तुला अजून लहानच समजणारा,
अयूबभाई